डॉ. कोटणीस यांचा चिनी विवाह व परदेशस्थ पत्नीचें राष्ट्रीयत्व

१. विषयप्रवेश

विवाहविषयक कागद आमच्या जुन्या दप्तरांत विपुल आहेत. सोयरिकीच्या याद्या, आहेराचे हिशेब, दत्तकाचीं पत्रें, वारसाचे निवाडे यांवरून एखाद्या घराण्याचा इतिहास कसा उभा करावा, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु परदेशच्या व्यक्तीशीं झालेला विवाह, त्यापासून उद्भवणारा राष्ट्रीयत्वाचा प्रश्न, आणि त्या प्रश्नापायीं घरांत जमणारे कागद, यांकडे इतिहासाचें साधन म्हणून जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. या विषयाचें महाराष्ट्रांतील सर्वांत विख्यात उदाहरण म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस व त्यांच्या चिनी पत्नी ग्वो छिंगलान यांचा विवाह होय. डॉक्टरांच्या सेवेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांच्या संसाराविषयीं आमच्याकडे जें ठाऊक आहे त्याचा बराचसा भाग मात्र चित्रपटांतून आलेला आहे. त्या संसाराची हकीकत कालक्रमानें मांडून, ही स्त्री व तिचा मुलगा भारताच्या दारापाशीं कायद्याच्या दृष्टीनें कोण ठरले असते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२. पूर्वपीठिका

चीन व भारत यांचा संबंध आमच्या ग्रंथांस नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत चिनी वस्त्रांचा उल्लेख आहे, आणि 'चीनांशुक' हा शब्द शाकुंतलाच्या प्रत्येक वाचकाच्या परिचयाचा आहे. परंतु वस्त्र येणें निराळें आणि सून येणें निराळें. माल जकात भरून बाजारांत मिसळतो; माणूस आलें म्हणजे तें कोणाचें, ही पृच्छा होते.

मिश्रविवाहाचें प्राचीन व अत्यंत फलद्रूप उदाहरण कुमारजीवाचें आहे. त्याचा पिता कुमारायण हा भारतांतून मध्य आशियांतील कूचा राज्यांत गेला व तेथील राजभगिनी जीवा हिच्याशीं त्याचा विवाह झाला. पुत्राचें नांव पित्याच्या व मातेच्या नांवांतून सिद्ध झालें, अशी परंपरा आहे. हाच कुमारजीव इ. स. ४०१ मध्यें चांगआन नगरींत पोंचला आणि बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतराचा आचार्य झाला. आईबापांच्या दोन कुळांची खूण मुलाच्या नांवांत ठेवण्याची ही रीत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

अर्वाचीन काळांत चिनी माणसें आमच्या प्रांतांत आलीं तीं बरीचशीं सक्तीनें आलीं. महाबळेश्वरच्या तुरुंगांत एकोणिसाव्या शतकांत चिनी व मलायी कैदी ठेवीत असत. त्यांनीं केलेल्या बागांची आठवण 'चायनामन' या धबधब्याच्या नांवांत राहिली आहे. निलगिरीच्या डोंगरांत असेच कांहीं चिनी कैदी सुटकेनंतर स्थायिक झाले व त्यांनीं तमिळ स्त्रियांशीं संसार मांडले. त्यांच्या कुटुंबांची नोंद एडगर थर्स्टन यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत केली आहे. त्या नोंदींत डोक्याचीं मापें आहेत; नवरा-बायकोचें एकमेकांशीं बोलणें कोणत्या भाषेंत होई, तें नाहीं. सरकारी साधनांची ही मर्यादा पुढेंही आड येते.

३. विवाहाची हकीकत

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरास झाला व वैद्यकीय शिक्षण मुंबईंत शेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालयांत झालें. जपाननें १९३७ सालीं चीनवर मोठी स्वारी केली, तेव्हां चिनी सेनानी चू-ते यांनीं पंडित जवाहरलाल नेहरू यांजकडे वैद्यकीय साहाय्य मागितलें. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असतां पांच डॉक्टरांचें पथक सिद्ध झालें. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस, आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी हे सदस्य. १९३८ च्या सप्टेंबरच्या आरंभीं हें पथक मुंबईहून बोटीनें निघालें. या पांचांनीं आपल्या नांवांच्या चिनी रूपांस शेवटीं 'हुआ', म्हणजे चीन, हें अक्षर जोडून घेतलें. कोटणीस हे 'के दिहुआ' झाले.

१९३९ च्या फेब्रुवारींत पथक येनान येथें पोंचलें. कोटणीस व बसू हे पुढें उत्तर चीनच्या रणभूमीवर गेले. शान्सी, चाहार व होपै या प्रांतांच्या सीमेवर साम्यवादी सैन्याच्या ताब्यांतील हा डोंगराळ मुलूख होता व त्यास चोहोंकडून जपानी ठाण्यांचा वेढा पडलेला होता. कानडी नव्हे, तर कॅनडा देशाचे शल्यवैद्य नॉर्मन बेथून यांचा याच मुलखांत नोव्हेंबर १९३९ मध्यें अंत झाला होता. त्यांच्या नांवानें चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस हे १९४१ च्या आरंभीं संचालक झाले.

ग्वो छिंगलान यांचा जन्म शान्सी प्रांतांतील फनयांग येथें १९१६ सालीं झाला. परिचारिकेचें शिक्षण घेऊन त्या या सैनिकी वैद्यकशाळेंत परिचर्येच्या अध्यापिका झाल्या होत्या. बेथून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगीं या दोघांची प्रथम भेट झाली. हा भारतीय डॉक्टर चिनी बोलतो, इतकेंच नव्हे तर थोडें लिहितोही, याचें त्यांना विशेष वाटलें. हा तपशील आम्ही महत्त्वाचा मानतों. मिश्रविवाहांत दोघांपैकीं कोणी कोणाची भाषा उचलली, यावरून संसार कोणत्या घरीं मांडला गेला तें कळतें. येथें भाषा पतीनें उचलली होती. संसार चीनांत मांडला गेला.

१९४१ च्या अखेरीस विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजीं पुत्र झाला. सेनानी न्ये रुंगचन यांनीं त्याचें नांव 'यिनहुआ' ठेवलें; 'यिन' म्हणजे भारत व 'हुआ' म्हणजे चीन. कुमारजीवानंतर सुमारें सोळाशें वर्षांनीं तीच रीत पुन्हां अवतरली, फरक इतकाच कीं व्यक्तींच्या नांवांची जागा देशांच्या नांवांनीं घेतली. पित्याच्या चिनी नांवांतील अंत्य अक्षरही त्यांत आपोआप आलें. पुढें साडेतीन महिन्यांतच, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अपस्माराच्या विकारानें डॉ. कोटणीस यांचें देहावसान झालें. वय बत्तीस वर्षें. विवाह झाल्यास जेमतेम एक वर्ष लोटलें होतें. पथकांतील इतर चौघे भारतांत परत आले.

४. चित्रपटांतील गृहप्रवेश

ख्वाजा अहमद अब्बास यांनीं १९४४ सालीं या हकीकतीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनीं व पत्नीची भूमिका जयश्रीबाईंनीं केली. चित्रपटाच्या शेवटीं विधवा चिनी सून लहान मुलास घेऊन सोलापुरास सासरीं येते. प्रेक्षकांच्या मनावर हाच प्रसंग कायमचा ठसला, आणि 'कोटणीसांची बायको पुढें सोलापुरास आली' असें सांगणारीं माणसें आम्हांस आजही भेटतात.

कलाकृति म्हणून या प्रसंगास दोष देण्याचें कारण नाहीं. मराठी मनास सुनेचा गृहप्रवेश झाल्यावांचून विवाह पुरा झाला असें वाटत नाहीं. माप ओलांडल्यावांचून सून घरची होत नाहीं. चित्रपटानें तो राहून गेलेला संस्कार पडद्यावर पुरा केला. परंतु इतिहासास हा पुरावा चालणार नाहीं. १९४२ च्या उन्हाळ्यांत ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेल्यावर चीनमधून भारतांत येण्याचा खुष्कीचा रस्ता बंद झाला होता. उरला होता तो हिमालयावरून जाणारा लष्करी विमानमार्ग; आणि त्याचें चिनी ठाणें नैर्ऋत्येस, राष्ट्रवादी सरकारच्या अमलांत. उत्तरेकडील वेढलेल्या डोंगरांतून तान्ह्या मुलास घेऊन तेथवर जाण्यास प्रथम जपानी फौजांच्या ओळी ओलांडाव्या लागल्या असत्या. चीन सरकारच्या पारपत्राचा व भारताच्या प्रवेशपरवान्याचा प्रश्न त्यानंतरचा.

वस्तुस्थिति अशी कीं छिंगलानबाई चीनांतच राहिल्या. त्यांनीं पुढें पुनर्विवाह केला. मुलगा यिनहुआ वैद्यकाचा अभ्यास करीत असतां १९६७ सालीं, वयाच्या पंचविशीच्या आंत-बाहेर, मरण पावला. बाई पुढील आयुष्यांत अनेकदां भारतांत येऊन गेल्या, कोटणीस कुटुंबीयांस भेटल्या, आपल्या आठवणींचें पुस्तकही त्यांनीं लिहिलें. २०१२ सालीं ताल्येन नगरीं त्यांचा अंत झाला. सोलापुरास त्या आल्या त्या सन्मान्य पाहुण्या म्हणून. नांदावयास आल्या नाहींत.

५. त्या काळचा कायदा काय म्हणत होता

आतां प्रश्न असा कीं, वाट मोकळी असती आणि त्या १९४३ सालीं मुंबई बंदरांत उतरल्या असत्या, तर त्या कोण ठरल्या असत्या?

सोलापूर जिल्हा खालसा मुलखांत होता. अर्थात् कोटणीस हे जन्मतः ब्रिटिश प्रजाजन. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्वाच्या कायद्याप्रमाणें ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ही ब्रिटिश प्रजाजनच समजली जाई, आणि पति निवर्तल्यामुळें तेवढ्यावरून तिचा हा दर्जा जात नसे. विवाह जेथें झाला तेथील रीतीप्रमाणें तो वैध होता एवढें शाबीत केलें असतें, तर ही चिनी विधवा मुंबईंत परकी ठरली नसती. मुलाविषयीं तर कायदा अधिकच स्पष्ट होता. ज्याचा पिता ब्रिटिश मुलखांत जन्मलेला ब्रिटिश प्रजाजन, तें मूल परदेशांत जन्मलें तरी जन्मतः ब्रिटिश प्रजाजन.

उलट बाजूस चीनच्या राष्ट्रवादी सरकारचा १९२९ चा कायदा होता. त्यांत राष्ट्रीयत्व पित्याकडून येई. मातेकडून तें येण्यास पिता अज्ञात किंवा कोणत्याही राष्ट्राचा नसलेला असावा लागे. म्हणजे, या दोन्ही कायद्यांचा शब्दशः अर्थ लावला तर, ज्याच्या नांवांत भारत व चीन हीं दोन्ही राष्ट्रें सांठविलीं होतीं तो मुलगा जन्मतः या दोहोंपैकीं एकाचाही नव्हता. तो इंग्लंडच्या राजाचा प्रजाजन होता! ज्या साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्या काँग्रेसनें त्याच्या बापास चीनांत धाडलें, त्याच साम्राज्याची ही प्रजा. मातेच्या बाबतींत चिनी कायदा उदार होता: परकीयाशीं लग्न केल्यानें चिनी स्त्रीचें राष्ट्रीयत्व जात नसे, तिनें स्वतः अर्ज करून परवानगी मिळविली तरच जाई. एकाच खाटेवरील माता व पुत्र कायद्याच्या पुस्तकांत असे दोन ठिकाणीं लिहिलेले होते.

त्या डोंगरांत अर्थातच हीं पुस्तकें कोणी उघडीत नव्हतें. तेथें मुलगा सर्वांचाच मानला गेला, आणि चिनी म्हणून वाढला. कायदा व व्यवहार यांतील हें अंतर संशोधकानें दोन्ही बाजूंनीं मोजावें लागतें.

६. स्वातंत्र्यानंतर व १९६२ सालीं

२६ जानेवारी १९५० रोजीं भारताचें संविधान अमलांत आलें. त्याच्या ८ व्या अनुच्छेदानें परदेशांत राहणाऱ्या, परंतु ज्यांचे आईबाप किंवा आजाआजी अविभक्त भारतांत जन्मले अशा माणसांस, भारतीय वकिलातींत नोंद करून नागरिक होण्याची वाट ठेविली. यिनहुआसाठीं हें दार शब्दतः उघडें होतें. मातेची गोष्ट निराळी. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याच्या ५ व्या कलमानें, ज्या स्त्रिया भारतीय नागरिकांशीं विवाहित आहेत किंवा होत्या त्यांस नोंदणीनें नागरिकत्व देऊं केलें. 'किंवा होत्या' या शब्दांत विधवांचा समावेश होतो. परंतु कोटणीस १९४२ सालीं वारले. भारताचें नागरिकत्व त्यानंतर सात वर्षांनीं अस्तित्वांत आलें. ज्यांच्या स्मरणार्थ दोन्ही देशांनीं टपालाचीं तिकिटें काढलीं ते डॉ. कोटणीस स्वतः एक दिवसही भारताचे नागरिक नव्हते, आणि म्हणून त्यांची विधवाही या कलमाच्या अक्षरांत बसत नव्हती.

याहून कठोर प्रसंग पुढें आला. १९६२ च्या युद्धांत परकीयांविषयींच्या कायद्यांस एक पुरवणी जोडण्यांत आली. जी व्यक्ति स्वतः, अथवा जिच्या मातापित्यांपैकीं किंवा आजाआजीपैकीं कोणीही, भारतावर आक्रमण करणाऱ्या देशाचा केव्हांही नागरिक वा प्रजाजन होता, त्या व्यक्तीस परकीयाचे निर्बंध लावण्याचा अधिकार सरकारास मिळाला. आसाम, दार्जिलिंग व बंगाल या भागांतील सुमारें तीन हजार चिनी वंशाच्या माणसांस राजस्थानांतील देवळी येथील छावणींत ठेविलें गेलें. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या भारतांत नांदलेलीं कुटुंबें होतीं, आणि चिनी पुरुषांशीं विवाह केलेल्या भारतीय स्त्रिया व त्यांचीं मुलेंही होतीं.

चित्रपटांतील तो गृहप्रवेश खरोखरच झाला असता, तर १९६२ सालीं यिनहुआ सोलापुरांत वीस वर्षांचा तरुण असता. त्याची माता चिनी. नव्या कायद्याची व्याख्या त्यास अक्षरशः लागू पडली असती. सरकारनें ती लाविली असती असें आम्ही म्हणत नाहीं. कोटणीस हें नांव त्यास कदाचित् पुरेसें कवच झालें असतें. परंतु ज्यांच्या पाठीशीं असें नांव नव्हतें अशा मुलांचें काय झालें, हें देवळीच्या इतिहासांत लिहिलेलें आहे. एका घरच्या विवाहाची प्रतिष्ठा गाऊन त्याच प्रकारच्या इतर घरांचा विसर पडूं देणें, हा इतिहासाचा धर्म नव्हे.

७. उलट बाजूचें एक उदाहरण

वरील हकीकतींत पति भारतीय व पत्नी चिनी, आणि संसार चीनांत. याच्या अगदीं उलट उदाहरण मराठी मुलखाच्या शिवेवर घडलें. तुमसर रोडहून निघणारा लोहमार्ग बालाघाट जिल्ह्यांतील तिरोडी येथें जातो. या गांवीं १९६९ सालीं एका चिनी सैनिकास आणून ठेवण्यांत आलें. तो सैन्यांत मोजणीच्या कामावर असतां जानेवारी १९६३ मध्यें सरहद्द ओलांडून भारतांत सांपडला होता व सहा-सात वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत राहिला होता. तिरोडीस तो पिठाच्या गिरणींत कामास राहिला. १९७५ सालीं तेथील मुलीशीं त्याचा विवाह झाला, मुलेंबाळें झालीं. पत्नी व मुलें भारतीय. पति मात्र ना नागरिक, ना स्वदेशीं परत जाण्यास मोकळा. चीनचें पारपत्र त्यास २०१३ सालीं मिळालें आणि २०१७ च्या फेब्रुवारींत, चौपन्न वर्षांनंतर, त्यास आपली जन्मभूमि पाहावयास मिळाली. तोंवर त्याची आई वारली होती.

दोन्ही उदाहरणें शेजारीं ठेवलीं म्हणजे एक गोष्ट उघड होते. १९५५ च्या मूळ कलमांत विवाहावरून नागरिकत्वाची वाट फक्त स्त्रियांस होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीस ती नव्हती. सून घरांत घेण्याची तरतूद होती, घरजांवयाची नव्हती. आमच्या गोत्रविचाराची छाया येथें नव्या कायद्यावर पडलेली दिसते. १९८६ सालच्या दुरुस्तीनें हा भेद काढला. आतां पति असो वा पत्नी, अर्जापूर्वीं सात वर्षांचें भारतांतील वास्तव्य लागतें. चीनच्या १९८० च्या कायद्यानेंही मातृपक्ष व पितृपक्ष समान केले, परंतु दुहेरी नागरिकत्व दोन्ही देश मानीत नाहींत. एकाचें घेतलें कीं दुसऱ्याचें जातें.

८. संग्राहकांस विनंती

हा विषय आम्हीं या पानांवर कां आणिला, तें आतां सांगतों. कल्याणपलीकडे उल्हास नदीच्या खोऱ्यांत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं शहरें एकास एक लागून आहेत. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार मम्वाणीचें नांव त्यामुळें आज वाचावयास मिळतें. त्याच्या शेजारचें उल्हासनगर हें युद्धकालीन लष्करी छावणींत सिंधी निर्वासितांनीं वसविलेलें; ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्यास हें नांव मिळालें. तेथील जुन्या कुटुंबांस घर सोडून आल्यावर एका कागदाच्या तुकड्याचें मोल काय असतें, तें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

या खोऱ्यांतील मुलें आज जगभर जातात. त्यांतील कोणी चीनच्या व्यक्तीशीं विवाह करून परत येतात वा येऊं पाहतात. अशा घरीं कोणते कागद जमतात तें पाहा. येथें विवाह झाला तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील तीस दिवसांची नोटीस व दाखला. परदेशांत भारतीय वकिलातींत झाला तर १९६९ च्या कायद्याचा दाखला. चीनांत झाला तर तेथील लाल पुस्तिका व तिचें प्रमाणित भाषांतर. मग प्रवेशपरवाना, मुदतवाढीचे अर्ज, आणि दीर्घ मुदतीच्या परवान्यावर येणाऱ्यास चौदा दिवसांच्या आंत करावी लागणारी परकीयांची नोंदणी. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परकीयांचा कायदा व १९३९ चा नोंदणीचा कायदा हे दोन्ही रद्द होऊन त्यांची जागा एका नव्या कायद्यानें घेतली. जुन्या कायद्याखालचे मुदत संपलेले वास्तव्याचे परवाने आतां निरुपयोगी झाले, म्हणजेच ते आतां आमच्या उपयोगाचे झाले. ज्या दिवशीं कागदाचा व्यवहार संपतो त्या दिवशीं त्याचा इतिहास सुरू होतो. आणि नेमका त्याच दिवशीं तो रद्दींत जातो.

म्हणून आमची संग्राहकांस विनंती आहे. अशीं कुटुंबें आपल्या परिचयांत असल्यास त्यांचे मुदत संपलेले परवाने, भाषांतरें, अर्जांच्या प्रती व पत्रव्यवहार घरच्यांच्या संमतीनें जपून ठेवावे, निदान त्यांच्या नकला घ्याव्या. जिवंत माणसांचीं नांवें व पत्ते मात्र प्रसिद्ध करूं नयेत. त्यास एक पिढी जाऊं द्यावी. नांवांच्या लेखनाकडे विशेष लक्ष असावें. छिंगलान, चिंग लान, क्विंगलान अशीं एकाच बाईच्या नांवाचीं रूपें देवनागरींत आढळतात. चिनी अक्षरें ज्या कागदावर असतील त्याची नक्कल सोबत ठेवली नाहीं, तर पुढील संशोधक तीन बायका मानून बसेल. तसेंच घरांत कोण कोणाची भाषा शिकलें, मुलाचें नांव कोणीं व कसें ठेविलें, आजी-आजोबांस कोणत्या शब्दानें हांक मारतात, हें विचारून टिपून ठेवावें. कोणत्याही सरकारी नोंदींत तें सांपडणार नाहीं.

कोटणीसांच्या संसाराचें टिपण छिंगलानबाईंनीं स्वतः लिहून ठेविलें म्हणून तो आज आपणांस कळतो. पतीच्या समाधीपाशीं, शिच्याच्वांग येथें, आजही लोक फुलें वाहतात. सोलापुरांतही त्यांचें स्मारक आहे. या दोन स्मारकांच्या मधला एक वर्षाचा संसार कागदावरच राहिला आहे, आणि तो कागद जपणें आपलें काम आहे.